पुस्तकांच्या पेटीत देव

आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर, रस्त्याच्या बाजूने, मी पुस्तकांची पेटी बसवायची ठरवली तेव्हा माझी एकच अट होती. पेटी मजबूत हवी. पुस्तकं चोरीला जातील ही भीती मला नव्हती. पुस्तकासाठी पेटी फोडणारा कुणी भेटला असता तर मी त्याला चहाला बोलावलं असतं. भीती होती ती कंटेनरची. चाकणच्या अलीकडच्या आमच्या गावात कंपनीचा रस्ता आणि घरचा रस्ता असे दोन रस्ते नाहीत, एकच आहे, आणि वळणावर गाडी मागे घेताना ड्रायव्हरांनी आमच्या भिंतीचा कोपरा याआधी पाडलेला आहे.

मी बरीच वर्षं एका छोट्या कंपनीत स्टोअर सांभाळलं. गुडघे कुरकुरायला लागले तशी घरी बसले. मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा नोकरीसाठी बंगळुरात, आणि दोघांची पुस्तकं मात्र इथेच, पलंगाखाली, माळ्यावर, शिलाई मशीनच्या टेबलावर. रद्दीत द्यायला जीव होईना. कुठेतरी वाचलं होतं की काही गावांत लोक घराबाहेर पेटी ठेवतात, ज्याला हवं त्याने पुस्तक न्यावं, वाचून आणून ठेवावं. मला ते पटलं. नवीन लग्न होऊन सोलापूरकडून इथे आले तेव्हा वाचायला काही मिळावं म्हणून मी किराणा बांधून आलेले वर्तमानपत्राचे कागदसुद्धा सरळ करून वाचले आहेत. अर्ध्यात फाटलेल्या बातम्यांचा राग मला अजून आहे.

पेटी बनवली पलीकडच्या फॅब्रिकेशनवाल्याने. पाणी आत जाऊ नये म्हणून वरून उतार दे, एवढंच मी सांगितलं होतं. त्याने दोन्ही बाजूंनी उतार दिला आणि मधोमध, हौसेने, एक टोक काढलं. रंग हिरवा सांगितला होता. त्याच्याकडे एका कंपनीच्या मशीनभोवतीच्या जाळ्यांना मारलेला केशरी उरला होता, तो त्याने मारला. वर मला म्हणाला, लांबून दिसेल. दिसलाच. पेटी भिंतीवर चढली तेव्हा नवरा कामावरून येत होता. गाडी स्टँडला लावून त्याने नीट निरखून पाहिलं आणि आरती किती वाजता ठेवली आहेस असं विचारलं. मी चिडले. चिडायला नको होतं असं आता वाटतं, कारण पुढे काय होणार ते त्याला पहिल्याच दिवशी दिसलं होतं.

मी नियमांचा बोर्डही केला. स्टोअरमधली सवय, सहीशिवाय नट-बोल्टसुद्धा बाहेर जाऊ दिलेला नाही. एका वेळी एकच पुस्तक, पंधरा दिवसांत परत, पानं दुमडू नयेत, असं बरंच काही होतं त्यावर. तो कुणी वाचला असेल असं वाटत नाही. तरी पेटी चालली. सकाळच्या शिफ्टची बस समोरच थांबते. बसची वाट बघताना पोरं पुस्तकं चाळायची, एखादं पाठीवरच्या सॅकमध्ये टाकायची. समोरच्या खोल्यांतल्या बायका दुपारी यायच्या. पुस्तक परत यायचं तेव्हा त्याला कधी हळदीचा डाग असायचा, कधी मशीनच्या तेलाचं बोट. मला त्या डागांचा राग येत नव्हता, याचं माझं मलाच नवल वाटायचं.

समोरच्या खोल्या मामींच्या. सगळं गाव त्यांना मामी म्हणतं, म्हणून मीही. गावातलं जुनं शेतकरी घराणं. जमीन गेली तिथे कंपन्या आल्या, राहिली तिथे मामींनी दोन मजली खोल्या बांधल्या. वर लांब गॅलरी, गॅलरीला लागून एकसारखी दारं. बीड, जालना, लातूर, कुठकुठची माणसं तिथे येतात, वर्ष-दोन वर्षं राहतात आणि दुसरीकडे काम लागलं की टेम्पो बोलावून निघून जातात.

या टेम्पोंनीच घोटाळा केला. खोली सोडणाऱ्या एका कुटुंबाने सामान भरलं आणि एक जुनी पोथी माझ्या पेटीत ठेवून ते गेले. पोथीची शिवण उसवली होती, कडा उंदराने खाल्लेल्या. अशी पोथी घरात ठेवत नाहीत आणि रद्दीतही घालत नाहीत. ती नदीत सोडायची किंवा एखाद्या झाडाखाली, देवळाच्या पायरीवर ठेवून यायचं. पण टेम्पोवाला हॉर्न वाजवत असताना नदी कुठे गाठणार? समोर केशरी रंगाची, शिखर असलेली पेटी दिसली आणि आत पुस्तकंच होती. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. काच फुटलेली एक तसबीर माझ्याही माळ्यावर कापडात गुंडाळून पडली आहे, तिचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

पण एक पोथी बसली आणि बाकीच्यांना वाट सापडली. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरांवरचे देव आले. फ्रेम निघालेले फोटो आले, लग्नपत्रिकांवरून कापून घेतलेले गणपती आले. मग कुणीतरी झेंडूची दोन फुलं वाहिली. दुसऱ्या दिवशी उदबत्तीची काडी खोचलेली दिसली, तीही एका कादंबरीच्या पानांत. मी ती उपटून फेकली आणि रस्त्यावर उभी राहून, कुणाला उद्देशून न बोलता, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. त्याचा परिणाम एवढाच झाला की उदबत्ती पुढे माझी पाठ वळल्यावर लागू लागली.

बसची वाट बघणारी पोरं आता पेटीला हात लावेनात. पेटीसमोरून जाताना छातीला बोट लावून पुढे जाऊ लागली. रात्रपाळी करून सकाळी येणारा एक जण पूर्वी नेमाने पुस्तक बदलायचा. त्याला मी विचारलं, हल्ली नेत नाहीस? तो म्हणाला, काकू, अजून अंघोळ व्हायची आहे. मग एक दिवस माझ्या बोर्डाच्या खाली, काळ्या मार्करने, चांगल्या वळणदार अक्षरात कुणीतरी लिहिलं, ‘चप्पल काढून हात लावावा.’ माझे नियम कुणी पाळले नाहीत. हा एक नियम लिहिल्या दिवसापासून सगळे पाळू लागले.

मामींच्या वरच्या मजल्यावर शेवटच्या खोलीत एक मुलगी राहत होती. मुलगी म्हणते, पण लग्न झालेली, नवरा कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये, पत्र्याचे भाग दाबून काढतात तिथे. बारावी होऊन लगेच लग्न झालं होतं. पेटी लागली तेव्हा सर्वांत आधी आली ती हीच. उभ्या उभ्या दोन पानं वाचायची, मग पदराखाली पुस्तक धरून जिना चढायची. बोलणं कमी. दिवाळीनंतर तिची सासू गावाहून येऊन त्यांच्यातच राहू लागली. तेव्हापासून ती रोज दिसेनाशी झाली. पण महिन्यातून एकदा, चार दिवस, मला ती हमखास दिसायची. गॅलरीच्या टोकाला गोणपाट टाकलेलं, शेजारी वेगळा तांब्या, वेगळं ताट, आणि ती भिंतीला टेकून वाचत बसलेली.

सासू पाळणारी होती हे मला कळलं आणि माझं डोकं फिरलं. एका खोलीचा संसार, त्यात ही शिवाशिव, आणि तीही गॅलरीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर. मी मनातल्या मनात त्या सासूशी पुष्कळ भांडले. नवऱ्याला म्हटलं, एक दिवस मी वर जाऊन तिला चार शब्द सुनावणार आहे. तो म्हणाला, चारावर तू थांबशील होय?

पेटीत देव आले त्यानंतरच्या महिन्यात ती गॅलरीत बसली तेव्हा तिच्या हातात पुस्तक नव्हतं. ती नुसती रस्त्याकडे बघत होती. पुढच्या महिन्यातही तसंच. माझ्या लक्षात यायला तेवढा वेळ लागला. पोथीच्या शेजारचं पुस्तक ती त्या दिवसांत कशी घेणार? आधी आणून ठेवायचं म्हटलं, तर देवाजवळून आलेलं ते पुस्तक घेऊन बाजूला बसायला सासूने मनाई केली असणार. माझ्याच भिंतीवर, माझ्याच पुस्तकांना हात लावायला तिला बंदी, आणि ती मी घातलेली नव्हती. मला त्या दिवशी खरोखर रडू आलं, रागाने.

ती मला गिरणीत भेटली. दळणाचे डबे रांगेत होते आणि चक्कीच्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नव्हतं, ते एक बरं. मी तिला सरळ सांगितलं की मी तुझ्या सासूशी बोलते, आजच्या काळात हे असलं कुणी पाळत नाही, आमच्या घरी आम्ही केव्हाच सोडलं. तिने माझा हात धरला.

“काकू, तेवढं नका करू,” ती म्हणाली. “पहाटे ह्यांचा डबा, मग पाणी, मग धुणं, मग परत डबा. ते चार दिवस सगळं सासूबाई करतात. मला कुणी हाक मारत नाही. पाळणं बंद झालं तर ते चार दिवसपण गेले. मला फक्त पुस्तक पाहिजे.”

पीठ घेऊन घरी आले, डबा ओट्यावर ठेवला आणि तशीच बसून राहिले. जे मला शिक्षा म्हणून दिसत होतं ती तिची रजा होती. तिच्या रजेवर मी सुधारणा करायला निघाले होते. पाळणं चांगलं असं मला आजही वाटत नाही. बाईला बसायला मिळावं म्हणून तिला आधी विटाळ व्हावा लागतो, यात चांगलं काय आहे? पण ते माझं म्हणणं. गोणपाटावर बसणारी ती होती आणि तिला त्या चार दिवसांत काय हवं ते तिने स्वच्छ सांगितलं होतं. मी ठरवलं की देव पेटीतून काढायचे.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात गटाराचं काम निघालं. पंचायतीने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल रंगाच्या खुणा मारल्या. घराबाहेर आलेल्या पायऱ्या, गाडी चढवायचे उतार, पत्र्याच्या शेड, पाण्याच्या टाक्या, सगळं तोडायचं होतं. मामींचा मुलगा पंचायतीत सदस्य आहे. तो कंत्राटदाराला घेऊन आमच्या दारात आला. पोरगं वागायला चांगलं आहे, दार वाजवून येतं. माझी पायरी जाणार, असं त्याने सांगितलं. मी म्हटलं, जाऊ दे. मग मी पेटीचं विचारलं.

तो हसला. म्हणाला, काकू, पेटीची चिंता सोडा. तिला लाल खूण मारलेलीच नाही. खुणा मारणाऱ्या पोरांचा हात धजला नाही. जेसीबीवाल्याला विचारलं तर तोही म्हणाला, देवाला आपण धक्का लावणार नाही. वर त्याने असंही सुचवलं की गटारावर झाकण पडलं की पेटीखाली छान टाइल्सचा कट्टा करून देतो.

मी त्याला समजावून सांगितलं की हे देव नाहीत, ही वाचायची पुस्तकं आहेत, देव मी उद्या-परवा काढणारच आहे. तो जरा गंभीर झाला.

“मग अवघड हाय, काकू. देव हायेत तवर तिला कोन हात लावत न्हाई. देव काढले की ती लोखंडी पेटी झाली. रस्त्यावर वीतभर आलीये. दुसऱ्याची पायरी तोडायची आन् तुमची पेटी ठिवायची, मला लोक काय म्हनतील?”

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. त्याने उपायही सांगितला. पेटी गेटच्या आत घ्या. आत तुमची जागा, आत तुम्ही काय ठेवता ते विचारायला कुणी येणार नाही. दुसऱ्या कुणाला हा उपाय पुरला असता. पण आत म्हणजे आमच्या अंगणात, तुळशीच्या पुढ्यात, देवघराच्या खिडकीखाली. ती मुलगी त्या चार दिवसांत माझ्या गेटच्या आत पाऊल टाकणार नव्हती. मी ये म्हटलं असतं तरी नाही, आणि सासूने पाहिलं असतं तर रजा तिथेच संपली असती. म्हणजे देव राहिले तर पेटी वाचत होती, पण तिच्यासाठी नाही. देव काढले तर पेटी जात होती. आत घेतली तर पेटी, पुस्तकं, मी, सगळे सुरक्षित, आणि ती गॅलरीत रिकाम्या हाताने. हे सगळं त्या सदस्याला सांगता येत नव्हतं. बायकांच्या अडचणीची गोष्ट, पुरुषमाणसाला काय सांगणार? मी नुसतं म्हटलं, मला दोन दिवस दे.

ते दोन दिवस माझं घरात कशात लक्ष नव्हतं. नवऱ्याने स्वतःहून चहा करून घेतला आणि माझ्याही पुढ्यात ठेवला. बोलता बोलता तो म्हणाला की अतिक्रमण वीतभराचंच आहे ना, मग ती वीत मागे घे. तो पेटीबद्दल बोलत होता. मी भिंतीबद्दल विचार करायला लागले. शिलाईची टेप घेऊन बाहेर गेले आणि भिंतीची जाडी मोजली. नऊ इंची वीट. पुस्तकाला तेवढी खोली पुष्कळ झाली. भिंतीला आरपार भोक पाडायचं, आतल्या बाजूने पत्रा ठोकायचा, आणि रस्त्याकडून सरकती काच. काहीही बाहेर येत नाही, दारसुद्धा बाहेर उघडत नाही. भिंत माझी, तिच्यातली पोकळीही माझी.

सदस्याला फोन केला. भिंतीतच कोनाडा करते म्हणून सांगितलं. तो म्हणाला, भिंतीच्या आत करा काय करायचं ते, फक्त काच सरकती पाहिजे.

पण कोनाडा करणं सोपं, देव काढणं अवघड. फॅब्रिकेशनवाला पेटी उतरवायला आला आणि आत बघून मागे सरला. म्हणाला, आधी तुम्ही हे हलवा. मी हलवलं असतं, मला कसली भीती. पण हलवून ठेवायचं कुठे? माझ्या घरात आणलं तर उद्यापासून लोक माझ्या गेटवर पोथ्या ठेवू लागणार, आणि नुसता कोनाडा मोकळा दिसला तर त्यात पहिल्या संध्याकाळी पणती लागणार. मला माझी माणसं माहीत आहेत. मी रस्ता ओलांडून मामींकडे गेले.

मामी ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या मुलीचंही सांगितलं, कारण बाईला सांगायला अडचण नव्हती. लसूण संपल्यावर हात झटकून त्या उठल्या, आतून धुतलेलं लुगडं आणलं आणि माझ्याबरोबर निघाल्या. त्यांनी स्वतः एकेक पोथी, एकेक तसबीर काढून लुगड्यात रचली. कादंबरीच्या पानांत अडकलेली फुलंही वेचून काढली. जिन्यावरून, बसथांब्यावरून लोक बघत होते.

“देव माझ्या वट्याला येत्याल,” मामी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. “साठलं की आमी शेतात वडाखाली पुरतो. आमचं सासरे बी तसंच करायचे. जमीन इकली, वडाचा तुकडा न्हाई इकला. कुनाला काय ठिवायचं ते माझ्याकडं आना. बाईच्या भिंतीत गोष्टीची पुस्तकं हायेत, तितं काय न्हाई देवाचं.”

गाठोडं डोक्यावर घेऊन त्या गेल्या. मी दहा वेळा ओरडून जे झालं नव्हतं ते मामींच्या एका फेरीत झालं. याचा मला थोडा मत्सर वाटला, पण आनंद जास्त होता.

कोनाडा तयार झाला. करडा रंग दिला, मी समोर उभी राहून तो मारून घेतला. जुना बोर्ड लावला नाही. काचेवर एवढंच लिहिलं, ‘वाचायची पुस्तके. कुणीही, कधीही, चप्पल घालून न्यावीत.’ काच बसवली त्या दुपारी ती सासू जिना उतरून आली. बुटकी, काटक, कपाळावर मोठं कुंकू. मनातल्या भांडणात मी तिला बरीच उंच केली होती. तिला वाचता येत नव्हतं. काचेला नाक लावून तिने आत पाहिलं आणि विचारलं, “ह्यात आता देव न्हाईत का?” मी म्हटलं, नाहीत, मावशी, नुसत्या गोष्टी आहेत. “मंग बरं,” ती म्हणाली आणि निघून गेली. मी पुढचं बोलायला तयार होऊन उभी होते, ते तसंच राहिलं.

पुढच्या महिन्यात ती मुलगी खाली आली. चपला घालून, डोक्यावरचा पदर सावरत, दोन्ही बाजूंनी येणाऱ्या गाड्या बघत. काच सरकवून तिने पुस्तक घेतलं. मी ओट्यावरून बघत होते, तिने वर पाहिलं नाही. मग गोणपाट, भिंतीला टेकलेली पाठ, आणि मांडीवर पुस्तक. खाली कंटेनर उभा राहून हॉर्न वाजवत होता, तिचं लक्षही गेलं नाही. मी त्या दिवशी जेवण चांगलं केलं.

असे काही महिने गेले. पेटी, म्हणजे आता कोनाडा, पुन्हा चालू लागला. रात्रपाळीवाला अंघोळ न करता पुस्तकं बदलू लागला. तिच्यासाठी म्हणून मी चार दिवस पुरतील अशी जाड पुस्तकं आणून ठेवायचे. कुणासाठी आहेत ते सांगितलं नाही, पण तीच न्यायची. शेवटी तिने नेलं ते दोन पिढ्यांची गोष्ट असलेलं, निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक. ते तिला चार दिवसांत संपणार नाही, पुढच्या खेपेला लागेल, असा माझा अंदाज होता.

पुढची खेप आली नाही. गॅलरीचं टोक रिकामं राहिलं. त्याच्या पुढच्या महिन्यातही तसंच. मग एका सकाळी ती स्वतः गेटपर्यंत आली, हातात निळं पुस्तक आणि वाटीत पेढे. ती लाजत होती. मी तिच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली, तब्येतीचं विचारलं, काय खावं, काय खाऊ नये ते सांगितलं. मला मनापासून आनंद झाला होता. तिने पुस्तक पुढे केलं.

“अर्धं राहिलंय, काकू. पण आता कधी वाचणार? दुसरं कुणी तरी वाचेल, ठेवून द्या.”

ती गेल्यावर मी ते पुस्तक घेऊन उभी राहिले. मध्यावर एक पान किंचित दुमडलेलं होतं. पेढा तोंडात तसाच होता. पोर सुखी होती, घरात मूल येणार होतं, आणि मला तिच्या गोणपाटासाठी वाईट वाटत होतं. हे कुणाला सांगायचं? नवऱ्याला सांगितलं असतं तरी त्याला काय म्हणावं ते कळलं नसतं. निळं पुस्तक कोनाड्यात ठेवलं. ते कुणी नेऊ नये असं वाटून दुसऱ्या पुस्तकांच्या मागे सारलं.

आठ-दहा दिवस झाले असतील. दुपारी कपडे वाळत घालत होते तर कोनाड्याची काच सरकल्याचा आवाज आला. बाहेर जाऊन बघते तर ती सासू. एकेक पुस्तक काढून पुठ्ठा बघत होती आणि परत ठेवत होती. मी विचारलं, मावशी, काय पाहिजे?

“निळं हुतं,” ती म्हणाली. “तिनं अर्धं सोडलेलं. कुनी नेलं का?”

मी मागे हात घालून ते काढून दिलं. तिने उलटंसुलटं करून पाहिलं, मग दोन्ही हातांनी छातीशी धरलं. लगेच निघाली नाही. रस्त्यावर एक टेम्पो चालला होता, तो जाईपर्यंत थांबली.

“आमच्या टायमाला म्या बी बसायची,” ती म्हणाली. “मला वाचता येत नव्हतं. समोरची भिंत बघत बसायची. पर तेवढंच बसनं हुतं, बाई. पोटुशी राह्यले तवा ते बी गेलं, मंग नऊ महिने कुनी बस म्हनलं न्हाई. तिला म्या दुपारची बसविते आता. चूल म्या बघते. नुसती बस म्हनलं तर बसंना, उठून भांडी घ्याया लागती. हातात हे दिलं तर बसंल.”

मी तिला म्हटलं की हे संपलं की दुसरं न्या. तिने मान हलवली. पुस्तक पदराखाली घेऊन ती रस्ता ओलांडून जिना चढली. थोड्या वेळाने वरच्या गॅलरीत गोणपाट झटकल्याचा आवाज आला.